साक्षीला कोण?

विवाहसंस्काराचा सेवक कोण, असा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारला, तर बहुतेक मुले एका सुरात सांगतात, "फादर!" उत्तर चूक आहे. आपल्या लॅटिन परंपरेत वधू आणि वर हेच एकमेकांना हा संस्कार देतात. धर्मगुरू त्यांची संमती विचारतो व ख्रिस्तसभेच्या नावाने ती स्वीकारतो. म्हणजे तो साक्षीदार असतो. सेमिनरीत शिकलेल्या या वाक्याचे खरे वजन २०२० आणि २०२१ या दोन वर्षांनी आमच्या खांद्यावर ठेवले.

ते दिवस वाचकांनीही सोसले आहेत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि प्रार्थनास्थळांना कुलपे लागली. महाराष्ट्रात ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत उघडली. लग्नाला प्रथम ५० माणसांची मर्यादा होती. २२ एप्रिल २०२१ पासून ती २५ वर आली. सोहळा दोन तासांत उरकायचा, नियम मोडला तर ५० हजार रुपये दंड. कंधार, लोहा, मुखेड या आमच्या भागात २५ माणसे म्हणजे हळद दळायला जमणाऱ्या बायाच झाल्या. मामाला बोलवावे तर आत्या रुसते, आणि आत्याला बोलवावे तर तिच्या यजमानांना घरी कसे ठेवावे? वरमाईच्या माहेरचे किती, हा हिशेब सोडवताना धर्मशास्त्राची कोणतीच पदवी कामाला येत नाही.

पुष्कळ सुज्ञ मंडळी तेव्हा म्हणाली, "बरे झाले, लग्ने साधी झाली." त्यात तथ्य आहे. आपल्याकडे ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेतात, तिचा मोठा वाटा लग्नातच जातो आणि ती पुढे हंगामामागून हंगाम फेडीत बसावे लागते. मंडप, बँड, पंगत यांचा खर्च टळल्याने त्या वर्षी काही बापांची मान सावकाराच्या हातून सुटली. हे आम्ही आनंदाने नोंदवतो. परंतु एवढ्यावरून 'गर्दी म्हणजे निव्वळ मिरवणे' असा निष्कर्ष काढणे आम्हांला पटत नाही. गर्दी जेवते, रुसते, मानपान मागते; पण ती पाहतेही.

ख्रिस्तसभेचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. मध्ययुगात दोघांनी एकमेकांना शब्द दिला की विवाह ग्राह्य ठरे, मग तो आडोशाला दिलेला का असेना. पुढे पुरुषाने हात वर केले म्हणजे स्त्रीने दाद कोणाकडे मागावी? १२१५ च्या चौथ्या लॅटरन महासभेने विवाहाची जाहीर घोषणा करण्याचा नियम घातला, तरी गुप्त विवाह थांबले नाहीत. अखेर १५६३ मध्ये ट्रेंटच्या महासभेने ठरवले की धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार यांच्यासमोर झालेला विवाहच ग्राह्य. या नियमाचा रोख संस्काराची शोभा वाढवण्याकडे नव्हता. ज्याचा शब्द सहज नाकारला जाऊ शकतो, त्याच्या पाठीशी डोळे उभे करण्याची ती सोय होती.

आता विचार करावा, चर्चला कुलूप असताना ही घोषणा कोणापुढे करायची? "कोणास काही अडचण ठाऊक असल्यास कळवावी," हे वाक्य रिकाम्या बाकांना ऐकवून काय उपयोग? आम्ही नावे कागदावर लिहून दारावर लावली, मोबाइलवर पाठवली, गावोगावच्या ओळखीच्यांना फोन केले. एरवी गाव आपसूक करते ते काम तेव्हा एकट्याने करावे लागले.

आणि ते करणे किती गरजेचे होते, हे लवकरच दिसले. शाळा बंद होत्या, मुली घरी होत्या, लग्न स्वस्तात उरकत होते आणि पाहायला कोणी येणार नव्हते. मराठवाड्यात बालविवाह वाढल्याच्या बातम्या त्या काळात येत राहिल्या. त्यात आणखी एक गोष्ट. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल मिळते ती कोयत्यावर. मुलाचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. अशाच एका घरच्या बापाने आम्हांला सरळ म्हटले, "फादर, पंचवीसच तर माणसं हायेत. कुणाला कळणार हाय?"

त्या मुलीच्या स्नानसंस्काराची नोंद आमच्याच रजिस्टरात होती. अठराला दोन वर्षे कमी होती. २००६ चा कायदा स्पष्ट आहे. देशाच्या कायद्याने जो विवाह लावता येत नाही, तो महागुरुस्वामींच्या परवानगीवाचून धर्मगुरूने लावू नये, असा ख्रिस्तसभेचाही नियम आहे. नकार देणे म्हणून सोपे होते. अवघड प्रश्न त्यापुढचा होता. आपण नाही म्हटले, तर हे लोक शेतात मंडप घालून लग्न लावतील. मग ती मुलगी संस्कारालाही मुकेल आणि शाळेलाही. काही धर्मबंधूंचे मत असे पडले की माणसे तुटू देऊ नयेत. ती कळकळ आम्ही समजू शकतो. परंतु 'खोटी साक्ष देऊ नको' ही आठवी आज्ञा केवळ कोर्टापुरती नाही. त्या दिवशी मंडपात आमची साक्ष ही सबंध न आलेल्या गावाची साक्ष ठरली असती.

मग नुसता नकार देऊन चर्चचे दार लावून घ्यावे काय? बालविवाह रोखण्याची जबाबदारी गावात ग्रामसेवकावर आहे. ही गोष्ट आम्हांला पापनिवेदनात नव्हे, अंगणात उभ्याउभ्या कळली होती. आधी घरी तीनदा गेलो, अंगणवाडीच्या ताईंना बरोबर घेतले, आणि ग्रामसेवकांना सांगणार आहोत हे बापाच्या तोंडावर सांगितले. लग्न थांबले. ते कुटुंब वर्षभर मिस्सेला आले नाही, ही त्याची किंमत.

त्या काळात पडद्यावरून विवाह लावण्याचीही मागणी होत असे. न्यूयॉर्क राज्याने एप्रिल २०२० मध्ये तशी मुभा दिलीही होती. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार मात्र वधूवरांनी एकत्र हजर असावे लागते, स्वतः किंवा लेखी नेमलेल्या प्रतिनिधीमार्फत. तरुणांना हा हट्ट जुनाट वाटला. पण मोबाइलच्या चौकटीबाहेर मुलीच्या शेजारी कोण उभे आहे, हे पडद्यावर दिसत नाही. म्हणूनच तर लग्नाआधी दोघांना वेगवेगळे बसवून प्रश्न विचारायचे असतात. मास्कमागून आलेला 'होय' नीट ऐकू आला नाही, तर आम्ही पुन्हा विचारीत असू. दोन तासांची मुदत होती, तरी त्या एका शब्दासाठी वेळ काढता येत असे.

आता मंडप पुन्हा भरले आहेत. रविवारी नावे वाचली जातात, तेव्हा बाकांवर चुळबुळ चालू असते. गेल्या हंगामात मिस्सा संपल्यावर एक आजीबाई मात्र काठी टेकीत वेदीपर्यंत आल्या आणि वाचलेल्या नावांतल्या मुलीचे वय विचारू लागल्या. आम्ही रजिस्टर काढून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांच्याजवळ चष्मा नव्हता, म्हणून वाचून दाखवले. एकोणीस. "मग हरकत न्हाई," म्हणाल्या, आणि निघाल्या.