उकिरड्याची साक्ष

मागच्या उन्हाळ्यात पुतण्या पुण्याहून चार दिवस गावाकडे आला. पाठीवर भली मोठी बॅग. ओसरीत बसून त्यानं ती उघडली अन् आमच्या घरात पर्यावरण आलं. बांबूचा ब्रश, स्टीलची नळी, काथ्याची घासणी आणि घड्या घातलेल्या सात कापडी पिशव्या. प्रत्येक पिशवीवर झाडाचं चित्र.

माय बाजेवर बसून पाहत होती. ब्रश हातात घेऊन तिनं तो उलटापालटा केला.

"कितीचा रे बाबू?"

"एकशेवीस रुपये, आजी."

"अन् घराच्या मांगं कडुनिंब उभा हाये, तो काय भाड्यानं रायते?"

मग नळीची पाळी आली. "हे कायले?"

"रस प्यायला."

"मंग तोंड कायले देलं देवानं?"

आम्ही सगळे पोट धरून हसलो. पोरगंही हसलं. मलाही तेव्हा स्फुरण चढलं. म्हटलं, अरे, तुम्ही आज जे विकत घेता ते आम्ही फुकटात जगलो. राखेनं भांडी घासली, पळसाच्या पत्रावळीवर पंगती उठवल्या, जुन्या लुगड्याची वाकळ केली अन् वाकळ फाटल्यावर तिचं पोतेरं. आता तर गोवऱ्याही ऑनलाइन मिळतात म्हणे, खोक्यात बसून येतात. आमच्या गोठ्यातल्या गायीला हे सांगितलं तर ती शेण टाकायचे पैसे मागेल!

पिशव्यांवरूनही मी त्याला सोडलं नाही. 2018 साली डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं पिशव्यांचा हिशेब मांडला होता. कापूस पिकवायला पाणी, खत, फवारा लागतो, सूत काढायला वीज लागते. म्हणून नवी सुती पिशवी नुसत्या हवामानाच्या हिशेबानं किमान 52 वेळा वापरली पाहिजे. बाकीचे सगळे परिणाम धरले तर 7 हजारांहून जास्त वेळा. "तुझ्याजवळ सात आहेत," मी म्हटलं. "सातही जन्म बाजारच करत राहशील."

तो गप्प राहिला. थोड्या वेळानं त्यानं साधाच प्रश्न केला. "काका, आपल्या घरचा कचरा कुठं जातो?"

"उकिरड्यावर."

"आणि तिथून?"

"वावरात. खत होते त्याचं." हे सांगताना माझी छाती जरा फुगलीच असावी. त्याच आठवड्यात वावरात गाडीखत पसरलं होतं. म्हटलं, चल, दाखवतो.

वावरात गेलो अन् माझं तोंड बंद झालं. काळ्या मातीवर खताचे ढीग, अन् त्यातून चमकणाऱ्या पुड्या. कुरकुऱ्याच्या, शाम्पूच्या, गुटख्याच्या. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. आमच्या वावराला ते कोणी सांगितलेलं दिसत नाही. प्लास्टिकच्या पिशव्यांवरची बंदी 23 मार्च 2018 ला निघाली. त्या पिशव्याही होत्याच. वखर चालवला की पासेला चिंध्यांसारख्या गुंडाळून येतात. मी दरवर्षी त्या काढून धुऱ्यावर फेकतो. दरवर्षी! हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

नाल्याच्या काठी तणनाशकाच्या रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या. आमच्याच. बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतायचं असतं, हे मला माहीत आहे. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकऱ्यांचे, मजुरांचे जीव गेले, तेव्हा मी चार लोकांत बसून हळहळलोही होतो. अन् विषाची बाटली मी ढोरं पाणी पितात त्या नाल्यात विसळत होतो. आमचा नाला अडाण नदीला मिळतो, अडाण पैनगंगेला, पैनगंगा वर्धेला, अन् पुढं प्राणहिता, गोदावरी करत पाणी बंगालच्या उपसागरात जातं. मी अजून समुद्र पाहिला नाही. माझ्या पुड्यांनी पाहिला असेल.

तेव्हापासून एक प्रश्न मला सोडत नाही. आम्ही जुन्या काळी कचरा केला नाही, ते आमचं शहाणपण होतं की नुसता नाइलाज? पुडीच नव्हती तर फेकणार काय? उपाशी माणसाच्या उपासाला एकादशी म्हणत नाहीत. माणसाची पारख हातात पुडी आल्यावर होते, अन् ती आली तेव्हा आम्ही काय केलं हे उकिरडा सांगतो. सवय जुनीच राहिली, परसात फेकायची. फेकायची वस्तू तेवढी बदलली. केळीचं साल अन् शाम्पूची पुडी आम्ही एकाच हातानं, एकाच बेफिकिरीनं फेकली. साल मातीनं पचवलं. पुडी तिला पचत नाही, अन् ढोराच्या पोटातही ती तशीच गोळा होऊन बसते.

पुतण्याच्या नळीला मी अजूनही हसतो. सात पिशव्या घेणं म्हणजे निसर्ग वाचवणं नव्हे, हे माझं मत कायम आहे. पण कचरा कुठं जातो हे त्यानं विचारलं. मी साठीला आलो, मला कधी सुचलं नाही.

घरी आलो तर माय चूल पेटवत होती, दुधाच्या पिशवीचा तुकडा लावून. पोरगं म्हणालं, "आजी, तो धूर विषारी असतो, छातीत जातो."

माय म्हणाली, "रॉकेल भेटत नाई आता. ओलं सरपण कायनं पेटू?"

त्याला उत्तर आलं नाही. मलाही नाही. दुसऱ्या दिवशी मी तुरीच्या वाळक्या काड्या तोडून चुलीजवळ रचून ठेवल्या. ते काम माझंच होतं अन् मी ते तिच्यावर सोडलं होतं.

गोठ्यात आता एक पोतं टांगलं आहे. पुड्या त्यात जातात. भंगारवाला आला की बाटल्या, दुधाच्या पिशव्या नेतो, पुड्या मात्र परत करतो. त्यात प्लास्टिक अन् चकाकी एकमेकांना चिकटलेली असते, ती सुटी करून विकत कोणी घेत नाही. म्हणून पोतं भरत चाललं आहे. ते कुठं न्यावं हे मला ठाऊक नाही. किराण्याच्या दुकानात पुडीकडे हात गेला की हल्ली ते पोतं आठवते. कधी हात मागं येतो, कधी येत नाही.

परवा पुतण्याचा फोन आला. मायनं विचारलं, "ब्रश हाये का रे अजून?"

"झिजला, आजी."

"मंग कडुनिंबाची काडी धाडू का पार्सलनं?" अन् माझ्याकडे पाहून म्हणाली, "पर त्याले प्लास्टिक गुंडायजो नको."