पहिले वर्ष आणि शब्दप्रमाणाचा प्रश्न

एखादी गोष्ट खरी आहे असे कशावरून मानावे, हा भारतीय दर्शनांमधला फार जुना प्रश्न आहे. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी तो प्रत्येक विद्यार्थ्यापुढे नव्याने उभा राहतो. बारावीपर्यंत मंडळ एक, पाठ्यपुस्तक एक, आणि पुस्तकात छापलेले उत्तर बरोबर, असा सरळ व्यवहार असतो. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, यवतमाळकडून नागपूरला आलेला विद्यार्थी खोलीची आणि मेसची सोय लावून वर्गात येऊन बसतो तेव्हा हा व्यवहार मोडतो. एका विषयाला चार संदर्भग्रंथ असतात आणि ते आपसांत जुळत नाहीत. प्राध्यापक एक सांगतात, सिनिअर दुसरे सांगतात, शिकवणीतले सर आयएमपी प्रश्नांची वेगळीच यादी देतात, आणि रात्री घरून फोन येतो तो चौथा सल्ला घेऊन. यांतल्या कोणाचे का ऐकावे, याला दर्शनशास्त्रात शब्दप्रमाणाचा प्रश्न म्हणतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदवीच्या अभ्यासक्रमात भारतीय ज्ञानप्रणालीला जागा मिळाली आहे, त्यामुळे प्रमाणांची नावे आता पुष्कळांच्या कानावरून जातील. नावे पाठ होतात आणि विचार तेवढा राहून जातो.

चार्वाकांनी प्रत्यक्ष हे एकच प्रमाण मानले. वैशेषिकांनी आणि दिङ्नाग, धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन मानली. दुसऱ्याचे वचन त्यांच्या मते अनुमानाच्याच पोटात येते. नैयायिकांनी उपमान आणि शब्द यांची भर घालून चार केली. वाद केवळ संख्येचा नव्हता. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळालेले ज्ञान हे स्वतंत्र ज्ञान आहे, की ऐकणाऱ्याने सांगणाऱ्याची पात्रता ताडून मगच पदरात घ्यायची ती गोष्ट आहे, यावर तो वाद होता. पदवीच्या पहिल्या वर्षाचा जवळजवळ सगळा अभ्यास शब्दप्रमाणावर चालतो. अणूचे वजन, पानिपतची तारीख, मागणीचा नियम, यांतले काहीही विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेले किंवा सिद्ध केलेले नसते. त्यामुळे कोणावरही विश्वास ठेवू नका हा सल्ला ऐकायला बाणेदार वाटला, तरी त्यावर एक तासही शिक्षण चालणार नाही.

मग विश्वास कोणावर ठेवायचा? नैयायिकांचे उत्तर असे की आप्ताच्या वचनावर. आप्त म्हणजे नातलग नव्हे. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनाने त्याचे लक्षण दिले आहे: ज्याला ती वस्तू साक्षात कळलेली आहे, आणि जशी कळली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे त्याने एक धाडसी गोष्ट जोडली. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू पडते, असे त्याने स्पष्ट म्हटले. ज्या समाजात कोण बोलतो यावरून बोलण्याची किंमत ठरत होती, तिथे एका दर्शनकाराने बोलणाऱ्याचे कुळ बाजूला ठेवले आणि त्याचे ज्ञान व त्याचा प्रामाणिकपणा एवढेच मोजायला घेतले. कृषी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याने हे लक्षण काटोल-नरखेडकडच्या संत्राबागाईतदाराला लावून पाहावे. आंबिया बहारासाठी झाडाला ताण किती दिवस द्यायचा, डिंक्या लागलेल्या झाडाचे खोड कुठे खरवडायचे, हे ज्याने चाळीस वर्षे हाताने केले तो त्या विषयात आप्त आहे, मग तो चौथी शिकलेला असो. रोगाच्या बुरशीचे शास्त्र सांगताना मात्र तो आप्त नाही, तिथे प्राध्यापक आप्त आहेत. आप्तपणा माणसाला कायमचा चिकटत नाही. तो विषयापुरता असतो.

हीच कसोटी सिनिअरना लावावी. ग्रंथालय कधी उघडते, परीक्षेचा अर्ज कुठल्या खिडकीवर भरतात, हे ते अनुभवाने सांगतात आणि ते ऐकावे. पण नव्या मुलांनी मान खाली घालून उभे राहिले पाहिजे, ही इथली परंपराच आहे, असे तेच सिनिअर सांगू लागले तर त्या वचनामागे ज्ञानही नाही आणि हिताची इच्छाही नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, आणि अशा वेळी तक्रार करणे हाच योग्य मार्ग आहे. मोबाइलवर क्षणात मिळणाऱ्या तयार उत्तराचेही तसेच. यंत्राला वस्तूचे साक्षात ज्ञान नसते आणि खरे सांगण्याची इच्छाही नसते. वात्स्यायनाच्या लक्षणात ते बसत नाही. त्याचे उत्तर मूळ ग्रंथाशी ताडून पाहिल्याशिवाय वहीत उतरवू नये.

विश्वास आधी की तपासणी आधी, यावर मीमांसक आणि नैयायिक यांचा मोठा वाद झाला. मीमांसक कुमारिल भट्टाच्या परंपरेत ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाधक काही समोर आले तरच ते सोडायचे. नैयायिक म्हणतात, ज्ञानाचे खरेपण बाहेरून ठरते, त्यावर केलेली कृती यशस्वी होते की नाही यावरून ठरते. पहिल्या सत्रात मीमांसकांची वाट धरणे सोयीचे आहे. वर्गात सांगितलेले आधी नीट समजून घ्यावे, खोटे ठरेपर्यंत खरे धरून चालावे. शंकेलाही कारण लागते. उदयनाचार्यांनी शंकेची मर्यादा सांगितली ती अशी की माणसाच्या स्वतःच्या वागण्याशी शंका विसंगत होऊ लागली की तिथे ती संपते. अन्नाने भूक भागते याबद्दल तोंडाने शंका घेणारा माणूस दोन्ही वेळा जेवायला बसतोच. ज्याला सगळेच संशयास्पद वाटते त्याला बहुधा काहीच तपासायचे नसते. मात्र सत्र पुढे सरकेल तसे नैयायिकांच्या वाटेवर यायला हवे, कारण बाधक आपोआप समोर येत नाही, ते शोधावे लागते.

प्रयोगशाळेत हे सगळ्यात स्वच्छ दिसते. विज्ञान शाखेच्या सुरुवातीच्या प्रयोगांत साधा लंबक असतो. पुस्तकात गुरुत्व त्वरणाची किंमत ९८० सेंमी प्रति वर्ग सेकंद दिलेली असते. एखाद्याचे उत्तर १०८५ येते. तो घाबरतो, शेजाऱ्याच्या जर्नलमध्ये डोकावतो आणि उलटे गणित करून रीडिंग बसवतो. दर्शनाच्या भाषेत त्याने शब्दाच्या धाकाने प्रत्यक्ष पुसून टाकले. वास्तविक १०८५ हा आकडा बोलका आहे. स्टॉपवॉच सुरू करताना शून्याऐवजी एक म्हटले की वीस मोजून होईपर्यंत प्रत्यक्षात एकोणीसच दोलने झालेली असतात. दोलनकाल विसाने भागून काढल्यामुळे कमी येतो, आणि त्याचा वर्ग छेदात असल्यामुळे उत्तर सुमारे ११ टक्क्यांनी फुगते. लांबी धाग्याच्या टोकापर्यंतच मोजली आणि गोळ्याची त्रिज्या धरायची राहिली, तर उत्तर उलट कमी येते. चुकलेल्या रीडिंगवरून चूक कुठे झाली ते अनुमानाने शोधता येते, आणि ९८० ही किंमत मग छापलेली आहे म्हणून नव्हे तर का बरोबर आहे हे कळून पटते. रीडिंग बसवणाऱ्याला गुण मिळतात. त्याच्या हाती प्रमाण मात्र एकही राहत नाही.

नागपूरच्या मातीत याचे एक मोठे उदाहरण आहे. हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्ये सुरू झाले आणि त्याला ज्यांचे नाव आहे ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून आलेले ख्रिस्ती मिशनरी होते. धर्माच्या बाबतीत ते ग्रंथवचन मानणारे, पण टाकळीच्या परिसरात काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये सापडणारे शंखांचे जीवाश्म त्यांनी आपल्या हाताने गोळा केले. ते शंख गोड्या पाण्यात राहणाऱ्या गोगलगायींचे आहेत. त्यावरून निघणारे अनुमान असे की लाव्हारसाच्या दोन लोंढ्यांमध्ये तळी साचून त्यांत जीव वाढावेत एवढा शांत काळ गेला होता. सहकारी हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर जे लेखन केले, ते आजही या विषयाच्या अभ्यासात आरंभीचे मानले जाते. दगड हातात घेऊन पाहिला नसता तर ते अनुमान निघाले नसते.

शब्दप्रमाणाच्या मर्यादेवर बोलताना अंगुत्तर निकायातल्या कालामसुत्ताचा दाखला हमखास दिला जातो, पण बहुधा अर्धाच. केसपुत्त गावच्या कालामांनी बुद्धांना सांगितले की एकामागून एक आचार्य येतात, आपले मत थोर म्हणतात आणि दुसऱ्याच्या मताची निंदा करतात. आम्ही कोणाचे खरे मानावे? बुद्धांनी त्यांची शंका योग्य ठरवली. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे, एवढ्याने मानू नका, असे ते म्हणाले, आणि हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणूनही मानू नका, हेही त्यांनी त्या यादीत घातले. इथवर सगळे सांगतात. पण नुसता तर्क आणि आपल्या आवडत्या मताशी जुळणे, हेही त्याच यादीत आहे, ते सांगायचे राहते. मनाला पटते तेच खरे, असा परवाना कालामांना मिळालेला नाही. ज्या वागण्यातून लोभ, द्वेष, मोह वाढतात, ज्याने आपले व दुसऱ्याचे अहित होते आणि ज्याची जाणते लोक निंदा करतात, ते सोडा, ही कसोटी त्यांना मिळाली. तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य निरोप देतात. आमची जी चांगली आचरणे असतील तेवढीच घे, इतर घेऊ नकोस, असे ते स्वतःच त्याला बजावतात. एरवी एकमेकांशी भांडणाऱ्या दोन परंपरांत गुरूने आपल्या अधिकाराला आपणच कुंपण घातलेले दिसते.

या विचाराला नागपुरात इतिहासाचे बळ मिळाले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, आणि नागपूरला दीक्षाभूमीवर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधली २१ वर्षे अभ्यासाची आणि पारखण्याची होती. त्यानंतरच त्यांनी भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना स्वतः दिली. ग्रंथप्रामाण्याला एवढा कडवा विरोध करणाऱ्या या माणसाने बुद्ध, कबीर आणि महात्मा फुले हे आपले तीन गुरू आहेत असेही सांगितले. त्यांपैकी कोणालाही ते भेटलेले नव्हते. फुले १८९० साली गेले तेव्हा बाबासाहेबांचा जन्मही झालेला नव्हता. गुरू नाकारणे आणि गुरू पारखून निवडणे यांत केवढे अंतर आहे, ते इथे कळते. औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. मिलिंद हा ग्रीक राजा, भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा. पाली मिलिंदपञ्हात चर्चेआधी नागसेन त्याला विचारतो की बोलणे विद्वानांच्या रीतीने करायचे की राजांच्या? विद्वान एकमेकांच्या चुका काढतात, चूक कबूल करतात आणि रागावत नाहीत. राजाला मात्र विरोध झाला की तो शिक्षा फर्मावतो. मिलिंदाने विद्वानांची रीत निवडली. महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव देणे ही शिक्षणाची सर्वांत नेमकी व्याख्या म्हणायला हवी. आज दीक्षाभूमीच्या आवारातच डॉ. आंबेडकर महाविद्यालयाचे वर्ग भरतात, आणि तिथे शिकणाऱ्यांना ही सगळी परंपरा अगदी दारात मिळते.

घरच्या श्रद्धेचे काय, हा प्रश्न पहिल्या वर्षी अनेकांना छळतो आणि तो उघडपणे फार थोडे बोलून दाखवतात. वारकरी घरातली मुलगी उत्क्रांती शिकते, विहारात वंदना म्हणत वाढलेला मुलगा पुनर्जन्मावरचे वाद वाचतो, मशिदीत किंवा चर्चमध्ये जाणाऱ्यांचीही तीच ओढाताण होते. काही जण सहा महिन्यांत घरचे सगळे टाकून देतात, काही जण अभ्यास परीक्षेपुरता ठेवतात आणि श्रद्धेला प्रश्न शिवू देत नाहीत. दोन्ही वाटांनी विचार टळतो. जगात काय घडले हे सांगणारे विधान आणि कसे जगावे हे सांगणारे विधान यांच्या कसोट्या वेगळ्या आहेत, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ गाठी सुटतात. नागपूर विद्यापीठाला २००५ पासून ज्यांचे नाव आहे त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे शालेय शिक्षण अगदी थोडे झाले होते. खंजिरी घेऊन भजन गाणाऱ्या या संताने ग्रामगीता लिहिली आणि अंधश्रद्धेवर सडकून टीकाही केली. त्यांची भक्ती त्या टीकेने उणावली नाही.

ऐकलेले ज्ञान आपले कसे होते, यावर उपनिषदे आणि बौद्ध यांचे उत्तर जवळजवळ एकच आहे. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवण, मनन आणि निदिध्यासन सांगतो. बौद्ध परंपरा ऐकून आलेली, विचाराने आलेली आणि अभ्यासाने मुरलेली अशी तीन प्रकारची प्रज्ञा सांगते. महाविद्यालयातली ७५ टक्के हजेरीची अट यांतल्या पहिल्या पायरीपुरती आहे. तासाला बसले की श्रवण होते. मननासाठी तास संपल्यावर ऐकलेले स्वतःच्या शब्दांत लिहून काढावे लागते, दुसरे पुस्तक उघडून ताडावे लागते आणि न पटलेले दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांना उभे राहून विचारावे लागते. ही वेळ कुठल्याही वेळापत्रकात छापलेली नसते. विद्यार्थ्याने ती स्वतः काढायची असते, आणि परीक्षेची वाट न पाहता पहिल्या सत्राच्या पहिल्या आठवड्यापासून काढावी.