खांबांवरचं घर

कृष्णेच्या काठी, सांगलीजवळच्या एका गावात एक कुटुंब राहत होतं. आज्जी, आई, आबा, मुलगा आणि सून. घर जुनं होतं. काळ्या दगडाचं जोतं, पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, सागवानी खांब आणि वर कौलं. मुलगा बोटीवर कामाला होता, त्यामुळं वर्षातला बराच काळ त्याला घर फोनवरच दिसायचं.

2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला. पाऊस पडला तो साताऱ्याच्या डोंगरांत, महाबळेश्वरला आणि कोयनेच्या खोऱ्यात. पाणी आलं ते सांगलीत. कराडला कोयना मिळाली, हरिपूरला वारणा मिळाली आणि कृष्णा फुगत गेली. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी धरतात. त्या वर्षी पाणी 57 फुटांवर गेलं. जोत्याच्या पायऱ्यांना पाणी लागणं या घराला नवं नव्हतं, पण या खेपेला ते कोनाड्यांपर्यंत चढलं आणि दिवसचे दिवस हललं नाही. मातीच्या भिंती भिजल्या, फुगल्या आणि खाली बसल्या. खांब तेवढे उभे राहिले.

आबांनी माळावर पत्र्याचं शेड मारलं. चिखलातून निवडलेली कौलं आईनं धुऊन, रचून ठेवली.

पुढच्या वर्षी करोना आला आणि मुलगा बोटीवरच अडकला. घरी जायची तारीख पुढं पुढं सरकत राहिली. बोटीवरचा आचारी फिलिपिन्सचा होता, तोही तसाच अडकलेला. रात्री भांडी आवरली की दोघं बाहेर येऊन बसत आणि घराकडच्या गोष्टी काढत. एकदा आचाऱ्यानं आपल्या आजोबांचं घर कागदावर काढून दाखवलं. तिकडं अशा घराला बाहाय कुबो म्हणतात. जमिनीपासून उचलून खांबांवर ठेवलेलं, निपाच्या झावळ्यांचं उभट छप्पर, खाली बांबूच्या पट्ट्यांची जमीन आणि पट्ट्यांमध्ये मुद्दाम ठेवलेल्या फटी. घराखालच्या मोकळ्या जागेत कोंबड्या आणि जळण. घर हलवायचं झालं तर शेजारीपाजारी जमतात, खालून बांबू घालतात आणि आख्खं घर खांद्यावर घेऊन चालू लागतात, असंही तो म्हणाला.

मुलाला ते घर फार आवडलं. असंच बांधायचं, त्यानं ठरवून टाकलं.

गावी आल्यावर त्यानं तो कागद गवंडीमामांपुढं ठेवला. मामांनी तंबाखू मळता मळता कागद निरखला आणि फटींवर बोट ठेवलं.

“ह्या कशापायी?”

“खालनं वारा यावा म्हणून, मामा. तिकडची हवा दमट. रात्रीसुद्धा घाम निथळतो.”

“आन् आपल्याकडं?”

मुलगा गप्प बसला. सांगलीकडं वैशाखातली दुपार चाळीसला टेकते. हवा कोरडी असते आणि पहाटे अंगणात झोपलेला माणूस पांघरूण ओढतो. इथल्या दुपारी फटीतून जे आत येतं त्याला वारा म्हणत नाहीत, झळ म्हणतात. इथं ऊन अडवून धरणारी जाड भिंत लागते.

“फटी नकोत,” तो म्हणाला.

“आन् छप्पर एवढं उभं?”

“पाऊस फार. वादळं येतात.”

“उतार ठेवू. पर झावळ्या कशाला? कौलं हायत की आईनं धुतलेली.”

शेवटी मामांचं बोट खांबांवर आलं. त्यांनी विचारलं नाही आणि मुलानं सांगितलं नाही. दोघांनीही 2019 पाहिलं होतं, एकानं डोळ्यांनी आणि एकानं फोनवर.

“हे घ्यायचं,” मामा म्हणाले.

घर खांद्यावर नेण्याची गोष्ट ऐकून आज्जी हसली. “आमचं न्यायला गाव कशाला लागतंय? कृष्णामाईच घेऊन गेली.”

सून पाटणकडची होती. ती इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, “मामा, खाली नुसते खांब, वर सगळं वजन. जमीन हलली तर?” 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा तिच्या आजोळच्या घराच्या दगडी भिंती बाहेरच्या बाजूला कोसळल्या. आतली लाकडी चौकट मात्र उभी राहिली, म्हणून माणसं वाचली. हे ती लहानपणापासून ऐकत आली होती.

मामांकडं याचं उत्तर नव्हतं, आणि ते नाही हे त्यांनी लपवलं नाही. कागद इंजिनिअरकडं गेला. काळ्या मातीखाली मुरूम लागेपर्यंत पाये न्यायचे, खांब आडव्या बीमनी एकमेकांना बांधायचे, आणि खाली दोनच भिंती घ्यायच्या, त्याही नदीच्या धारेच्या दिशेनं, म्हणजे पाणी अडणार नाही आणि घराला आधारही मिळेल, असं त्यानं काढून दिलं.

मग प्रश्न आला उंचीचा. शाळेच्या भिंतीवर 2019 च्या पाण्याची रेघ अजून होती. मामांनी पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक त्या रेघेला लावलं आणि नळी पुढं पुढं नेत, ठिकठिकाणी खुणा करत, ती रेघ गल्लीतून जागेवर आणली. बांबू उभा करून त्यावर खडूनं खूण केली. आज्जीनं वर बघितलं आणि म्हणाली, “आनि दोन हात चढव.” दोन हात चढवले.

वर पश्चिमेला जिना, न्हाणी आणि अडगळीची खोली गेली, म्हणजे उतरतं ऊन त्यांनी झेलावं. समोरासमोर खिडक्या आल्या, पुढं खोल ओसरी आली, कौलांखाली माळा आला. लोक येता-जाता बघत आणि हसत. खताच्या एका दुकानदारानं खालच्या जागेला शटर मारून गोदाम करायचं म्हटलं. भाडं चांगलं होतं, आबा विरघळलेही होते. आज्जी म्हणाली, “ती जागा दिलेली हाय.” कुणाला, ते तिनं सांगितलं नाही.

2021 च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं. कौलं बसली होती, गिलावा राहिला होता. घर उंच आहे म्हणून कुणी त्यात बसून राहिलं नाही. जनावरं आधीच माळावर नेली आणि माणसंही गेली. पाणी ओसरल्यावर सगळे परतले तेव्हा घराखाली ढोपरभर गाळ होता. वर कणगीतला गहू कोरडा होता.

तो आचारी घरातलं एक लाकूडही न देता या गावाला पुष्कळ देऊन गेला. त्याच्या आजोबांनी आपल्या पाण्याला, आपल्या वाऱ्याला विचारून घर बांधलं होतं, आणि मुलानं शेवटी आणलं ते एवढंच, विचारणं. खांब त्या विचारण्यातून आले. फटीही त्यातूनच गळाल्या.

दिवाळीनंतर जतकडचे एक पाहुणे घर बघायला आले. खांबांभोवती फिरले, वर गेले, ओसरीत बसले आणि खूश होऊन म्हणाले, “मला डिट्टो असंच पाहिजे. खांबांसकट.”

“तुमच्याकडं पूर येतो?” मुलानं विचारलं.

“पूर?” पाहुणे म्हणाले. “आमच्याकडं टँकर येतो.”

“मग उन्हाळ्यात दुपारी घरात कुठं बसता?”

“घरात कोण बसतंय? दारात लिंब हाय मोठा.”

गवंडीमामांनी टेप खिशात टाकला. “चला,” ते म्हणाले, “आधी लिंब दावा.”