रंगाखालची रॅकेट

खेळाच्या सामानाचा धंदा करून आता निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या क्लबात रोज येतात. परवा एका पालकाने त्यांना विचारलं, "मुलीसाठी जोकोविच वापरतो तीच रॅकेट घ्यावी म्हणतोय. कुठे स्वस्तात मिळेल?" ते म्हणाले, "ती कुठेच मिळत नाही हो. दुकानातली घ्या, रंग तोच आहे." पालक हसले आणि विषय तिथेच संपला. माझ्या डोक्यातून मात्र ते शेवटचं वाक्य काही जाईना.

टेनिसच्या नादी लागलेल्यांना यात नवं काही नाही. कंपन्या दर दोन-तीन वर्षांनी नवं मॉडेल काढतात. खेळाडूला मात्र विशीच्या आत-बाहेर हाताला बसलेली फ्रेम सोडवत नाही. मग कारखाना त्याच्यासाठी जुना साचा जपून ठेवतो आणि त्या साच्यातून निघालेल्या फ्रेमवर यंदाच्या मॉडेलचा रंग चढवतो. अँडी मरे वर्षानुवर्षं हेड कंपनीच्या 'रॅडिकल'च्या रंगात खेळला. त्या रंगाखाली नव्वदीतल्या 'प्रो टूर 630'च्या घराण्यातली फ्रेम होती, हे जाणकारांत सर्वश्रुत आहे. फोटोतल्या उभ्या-आडव्या तारा मोजून अशी रॅकेट ओळखणारे हौशी लोक जगभर आहेत. हा प्रकार जुनाच. ऐंशीच्या दशकात इव्हान लेंडलच्या हातात आदिदास दिसायची. तिचा साचा मूळचा क्नायस्ल या ऑस्ट्रियन कंपनीचा.

साच्यावरही गोष्ट थांबत नाही. फ्रेम खेळाडूपर्यंत पोहोचण्याआधी एखाद्या कारागिराच्या टेबलावर जाते. लेंडलसाठी हे काम वॉरन बॉसवर्थ करायचे, सॅम्प्रससाठी नेट फर्ग्युसन. मुठीला खेळाडूच्या तळव्याप्रमाणे आकार देतात, पोकळ दांड्यात सिलिकोन भरतात, हेडच्या कडेला शिशाच्या पट्ट्या चिकटवतात. त्यातलं गणित मला फार आवडतं. रॅकेटची लांबी साधारण साडेअडुसष्ट सेंटिमीटर. मुठीच्या टोकापासून दहा सेंटिमीटरवर फिरण्याची आस धरली, तर पार वरच्या टोकाला लावलेलं 3 ग्रॅम शिसं स्विंगवेट, म्हणजे रॅकेट फिरवताना हाताला जाणवणारा जडपणा, सुमारे 10 अंकांनी वाढवतं. तेवढंच शिसं मुठीत भरलं तर स्विंगवेट जवळपास जागचं हलत नाही, कारण हिशेबात अंतराचा वर्ग येतो. वजनकाट्यावर सारख्या भरणाऱ्या दोन रॅकेटी म्हणूनच हातात अगदी वेगळ्या वाटू शकतात. खेळाडूच्या पिशवीतल्या सहा-आठ रॅकेटी वजन, बॅलन्स आणि स्विंगवेट या तिन्ही बाबतींत जुळवलेल्या असतात. एकीची तार तुटली की दुसरी उचलायची, आणि हाताला फरक कळता कामा नये.

मला यात खुपतं ते वेगळंच. शिफारस आणि साक्ष या दोन गोष्टी मी वेगळ्या मानतो. पैसे घेऊन एखादी वस्तू चांगली म्हणणं ही शिफारस. ऐकणाऱ्यालाही व्यवहार ठाऊक असतो, त्यामुळे कोणी फसत नाही. पण निर्णायक गुणाला, लाखो लोकांसमोर, माणूस जी वस्तू हातात धरतो ती त्या वस्तूच्या बाजूने दिलेली साक्ष असते. तिथे तो बोलत नाही, तरी आपण सर्वाधिक विश्वास तिथेच ठेवतो. रंग चढवलेली रॅकेट शिफारशीला साक्षीचे कपडे घालते, आणि माझा राग त्यावर आहे.

आपल्या क्रिकेटने हा प्रश्न नकळत फार सचोटीने सोडवला होता. तेंडुलकरच्या बॅटवर एमआरएफ ही लाल अक्षरं होती आणि एमआरएफ टायरसाठी ओळखली जाणारी कंपनी होती. ती फळी टायरवाल्यांनी तासली, असं एकाही पोराला वाटलं नाही. गल्लोगल्ली पोरांनी तो स्टिकर आणून आपापल्या बॅटवर चिकटवला. मीही अशा बॅटने खेळलो. आपण सचिनशी नातं सांगतोय, त्याचं लाकूड विकत घेत नाही आहोत, हे आम्हा सगळ्यांना पक्कं माहीत होतं. बॅट कोणी घडवली हा प्रश्न वेगळा आणि तिच्यावर जागा कोणी भाड्याने घेतली हा वेगळा. त्या स्टिकरचं मला आजही कौतुक वाटतं. टेनिसमध्ये घडवणारा आणि जागा घेणारा एकच असल्यामुळे हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात.

हे सगळं मी त्या गृहस्थांना ऐकवलं. त्यांचं उत्तर तयार होतं. "खेळाडूची खरी रॅकेट दिली तर अर्ध्या तासात खांदा धराल. दुकानातली हलकी आहे ती तुमच्याच भल्यासाठी. मग फसवणूक कसली?" इथे मला त्यांचं म्हणणं मान्य करावं लागतं. 2014 साली विल्सनने फेडररच्या सहीची 97 चौरस इंच हेडची रॅकेट दुकानात आणली. ती खरोखरच त्याच्या रॅकेटच्या फार जवळची होती. तारांशिवायच तिचं वजन 340 ग्रॅम. क्लबात खेळणाऱ्या बहुतेकांना ती सेटभरही झेपण्यासारखी नव्हती. नदालच्या कारकिर्दीच्या अखेरीस बाबोलानेही त्याच्या मापाची रॅकेट 'ओरिजिन' या नावाने विकायला काढली. म्हणजे आधीची ती नव्हती, हे आपोआपच कबूल झालं. पण तीही सामान्यांच्या कामाची नाही. तेव्हा खरी रॅकेट विका ही माझी मागणी काही टिकत नाही, आणि ती मी सोडून देतो.

पण गृहस्थांचा युक्तिवाद अर्धाच आहे. खेळाडूची रॅकेट जड असते एवढंच ते सांगतात. ती जुनी असते, याबद्दल ते बोलत नाहीत. नव्या मॉडेलने खेळ सुधारतो, असं प्रत्येक नवी जाहिरात सांगते. ज्याच्या तोंडून ती हे सांगते, तो माणूस दहा-दहा वर्षं त्याच साच्याला चिकटून असतो. सॅम्प्रस 2002 साली अखेरचा सामना खेळेपर्यंत 85 चौरस इंचांच्या प्रो स्टाफशी एकनिष्ठ राहिला. नंतर त्याने मोठं हेड वापरून पाहायला हवं होतं अशी खंतही बोलून दाखवली, तेव्हा न बदलणं नेहमीच शहाणपणाचं असतं असं नाही. फेडररने बदल केलाच की. 2013च्या उन्हाळ्यात त्याने हॅम्बुर्ग आणि गश्टाडला मोठं हेड वापरून पाहिलं, हरला, जुन्या 90 इंचांकडे परतला, आणि 2014मध्ये विचारपूर्वक 97 घेतली. 2017च्या मेलबर्नमधल्या अंतिम सामन्यात नदालविरुद्ध त्याचा बॅकहँड कसा लागला, ते सगळ्यांनी पाहिलं. पण 90 इंचांवर दशकभराहून अधिक काळ घालवल्यावर केलेला हा बदल, आणि तोही गरज पडली म्हणून. कंपनीचं कॅलेंडर पुढे सरकलं म्हणून नव्हे.

इथे आल्यावर मला माझा राग नीट दिसतो. व्यावसायिक खेळाडूला मिळणारी सर्वांत मोठी सवलत म्हणजे न बदलण्याची मुभा. त्याचा साचा कारखाना जपतो. क्लबातल्या खेळाडूची हाताला बसलेली रॅकेट तुटली, की तिची जोडीदार शोधायला जुन्या मालाच्या बाजारात हिंडावं लागतं, कारण ते मॉडेल बंद झालेलं असतं. खरं तर त्यालाच सातत्याची जास्त गरज आहे. आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याच्या हाताला नव्या फ्रेमची सवय व्हायला महिने जातात. दिवसाला चार तास खेळणाऱ्याला ती कितीतरी लवकर होते.

म्हणून रंगाची तक्रार मी आता दुय्यम मानतो. प्रत्येक फ्रेमवर छापील मापाऐवजी त्याच नगाचं प्रत्यक्ष मोजलेलं वजन, बॅलन्स आणि स्विंगवेट लिहावं. एकाच मॉडेलच्या दोन नगांत काही ग्रॅमचा फरक सर्रास असतो, तो गिऱ्हाइकाला दिसू द्यावा. आणि प्रत्येक कंपनीने निदान एक-दोन जुने साचे पंधरा वर्षं यादीत ठेवावेत, रंग खुशाल दरवर्षी नवा द्यावा. "मग धंदा कसा चालायचा?" असं गृहस्थांनी विचारलंच. तारा तुटतात, ग्रिप झिजते, गटिंग पुन्हा पुन्हा करावं लागतं; कार्बनची फ्रेमही काही वर्षांनी मऊ पडते, आणि तेव्हा माणूस दुकानात येऊन तीच रॅकेट पुन्हा मागतो. त्याला ती द्यावी.