वलगणीचे मासे आणि मर्यादेचा प्रश्न

मृगाचा पहिला जोराचा पाऊस कोसळला म्हणजे ठाणे जिल्ह्यातील ओढ्यानाल्यांतून मासे प्रवाहाच्या उलट वर चढू लागतात. उन्हाळाभर डोहांत दडून राहिलेला हा जीव नव्या गढूळ पाण्याचा स्पर्श होताच उथळ भातखाचरांकडे धाव घेतो. कारण अंडी घालण्यास त्यास तेच स्थळ सुरक्षित वाटते. यासच वलगण म्हणतात. अशा वेळी माशाची मादी गाभोळीने जड झालेली असते आणि तिला मनुष्याचेही भय उरत नाही.

काही वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्ही कसाऱ्याच्या वाटेवरील खर्डी येथे एका स्नेह्याकडे उतरलो होतो. रात्री बत्ती घेऊन मंडळी ओढ्यावर निघाली, आम्हीही कुतूहलाने मागे गेलो. या कलेची शिस्त पाहण्यासारखी आहे. पाऊस नुसता पडून भागत नाही. ओढ्याचे पाणी खाचराच्या पाण्यास मिळाले पाहिजे, आणि लोंढ्याचा जोर थोडा ओसरला पाहिजे. मग दगडमातीचा बांध घालून एकच चिंचोळी वाट ठेवावयाची आणि त्या वाटेत बांबूचा सापळा, तोंड खालच्या अंगास करून, बसवावयाचा. कारण मासा खालून वर येतो. जो सापळा चुकवितो तो उथळ पाण्यात उजेडाने दिपतो व कोयत्याच्या घावास किंवा नुसत्या हातासही सापडतो. त्या रात्री टोपल्या भरल्या. दुसऱ्या दिवशी पानात वाढलेली गाभोळी आम्ही चवीने खाल्ली, आणि विचार सुचला तो हात धुतल्यावर, हे येथे कबूल करणे प्राप्त आहे.

उत्तरेकडील शीत देशांत मोठमोठी सरोवरे हिवाळ्यात गोठतात व लोक बर्फास भोक पाडून गळ टाकतात. पाणी चार अंश उष्णतेवर सर्वांत जड असते. म्हणून वर बर्फ जमला तरी तळाशी पाणी वाहते राहते व थंडीने मंदावलेला मासा तेथे तग धरतो. तोही एका परीने असहायच. परंतु तेथील मनुष्यास प्रथम स्वतःच्या जिवाचा हिशेब करावा लागतो. स्वच्छ, घट्ट बर्फ निदान चार इंच जाड असल्यावाचून शहाणा मनुष्य त्यावर पाऊल ठेवीत नाही. आपल्या किनाऱ्यावरील कोळीही खवळलेल्या समुद्रापुढे नमतो आणि नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण केल्यावरच होडी लोटतो. दोन्ही ठिकाणी मर्यादा घालण्याचे काम संकटाने केले आहे. खर्डीच्या ओढ्यात मात्र गुडघाभर पाणी! तेथे निसर्ग आपणास अडवीत नाही. म्हणून अडविण्याचे काम मनासच करावे लागते. आमच्या मते नीतीचा खरा आरंभ येथेच होतो. भयाने जो थांबला तो सावध. भय नसता जो थांबला तोच संयमी.

कोणी म्हणेल, मोठ्या माशाने लहानास गिळावे हा सृष्टीचाच नियम आहे. परंतु आपल्या शास्त्रकारांनी ‘मत्स्यन्याय’ हा शब्द योजिला तो न्यायासाठी नव्हे, तर अराजकासाठी. आणि तो मोडणे हेच राजाचे कर्तव्य मानिले. अशोकाने राज्याभिषेकास 26 वर्षे झाल्यावर कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात गाभण व दूध पाजणाऱ्या शेळ्यामेंढ्यांस अभय दिले असून ठराविक तिथींस मासे मारण्याची व विकण्याची मनाई केली आहे. त्याने मांसाहारास सरसकट बंदी केली नाही. वेळेची मर्यादा घातली. हा विवेक आम्हांस मोलाचा वाटतो.

परंतु हा उपदेश कोणास करावयाचा? त्या रात्री आमच्या स्नेह्याने एका वृद्ध कातकऱ्यास गाभोळीच्या माशांविषयी टोकले, तेव्हा तो म्हणाला, “मास्तर, घरातला दाणा सरला, भात यायाला अजून चार महिने हायेत. आता नाय खायाचं तर कवा?” यावर आम्हांपैकी कोणापाशीच उत्तर नव्हते. या तालुक्यातील तानशाचे पाणी 1892 पासून मुंबई पीत आली आहे. ते पिऊन वाढलेल्या आम्ही त्यास संयम शिकवावा, हे हास्यास्पद होय. भुकेचा हक्क मोठा आहे. प्रश्न आहे तो आमच्यासारख्यांचा, जे पोट भरलेले असता मौजेसाठी ओढ्यावर जातात. आणि त्याहून अधिक त्यांचा, जे पाण्यात विष कालवून किंवा सुरुंग उडवून डोहच्या डोह निर्जीव करितात. 1897 च्या मत्स्यविषयक कायद्याने हे दोन्ही प्रकार दंडनीय ठरविले खरे; पण हौसेस दंड करणारा कायदा अद्याप कोठे निघालेला नाही, आणि निघेल असेही वाटत नाही.

दुसऱ्याच्या दुर्बळतेची नेमकी घटका ठाऊक असणे हे मोठे सामर्थ्य आहे. सावकारास ती ऋणकोची ठाऊक असते, वैद्यास रोग्याची, आणि आम्हां शिक्षकांस विद्यार्थ्याची. त्या ज्ञानाचा उपयोग गरजेपुरता करावयाचा की साधेल तेवढा, यावरच मनुष्याची पारख होते. पुढील वर्षी मृगात स्नेह्याचे बोलावणे पुन्हा आले. आम्ही गेलो, ओढ्याकाठी पावसात उभेही राहिलो. जेवताना मात्र भात आणि आमटी मागून घेतली. यात थोरवी काही नाही. गाभोळीची चव अजून जिभेवर आहे, एवढेच सांगतो.