अखेरच्या षटकाची बोली

20 फेब्रुवारी 2017 रोजी बेंगळुरूत झालेल्या आयपीएल लिलावात टायमल मिल्स या इंग्लिश डावखुऱ्या गोलंदाजाची मूळ किंमत 50 लाख रुपये होती. हातोडा पडला तेव्हा आकडा 12 कोटींवर गेला होता. पाठीच्या जन्मजात दुखण्यामुळे मिल्सला चार-पाच दिवसांचे क्रिकेट झेपत नव्हते. तुफान वेग, मध्येच हातातून सुटणारा फसवा संथ चेंडू आणि सामन्यात चार षटके, एवढेच त्याचे भांडवल. मिचेल स्टार्कने माघार घेतल्याने बेंगळुरूच्या रॉयल चॅलेंजर्स संघाला शेवटची षटके सांभाळणारा माणूस तातडीने हवा होता. त्या हंगामात मिल्स पाच सामने खेळला, पाच बळी मिळाले आणि संघ गुणतक्त्यात तळाला राहिला.

या घाईमागे आदल्या वर्षीची जखम होती. 29 मे 2016 च्या अंतिम सामन्यात, घरच्या चिन्नास्वामी स्टेडियमवरच, शेन वॉटसनच्या चार षटकांत 61 धावा निघाल्या. त्यांतल्या 24 डावाच्या शेवटच्या षटकात. बेंगळुरू हरले आठ धावांनी. हिशेब सोपा वाटतो: ते एक षटक कोणी नीट टाकले असते तर करंडक घरात होता. पण याच 61 मधल्या उरलेल्या 37 धावाही तितक्याच महाग होत्या, हे मात्र विसरले जाते. शेवटच्या षटकातली धाव डोळ्यांत भरते, अकराव्यातली वहीत पडून राहते. लिलावातली बोली बहुधा डोळ्यांत भरलेल्या धावेवर लागते.

अमेरिकेतल्या बेसबॉलने हा गोंधळ पुष्कळ आधी घालून ठेवला आहे. तिथे बारीक आघाडी राखत सामना संपवणारा ‘क्लोजर’ हा वेगळाच गोलंदाज असतो. 1969 पासून त्याच्या कामगिरीची ‘सेव्ह’ म्हणून अधिकृत नोंद होऊ लागली, आणि जे मोजले जाते त्याला भाव येतो या न्यायाने पगार चढत गेले. 2022 च्या अखेरीस न्यूयॉर्क मेट्सने एडविन डियाझशी पाच वर्षांचा 10 कोटी 20 लाख डॉलरचा करार केला. ऑक्टोबर 2016 मध्ये बाल्टिमोरचा झॅक ब्रिटन हंगामात 47 सेव्ह नावावर असताना टोरोंटोविरुद्धच्या बाद सामन्यात नुसता बसून राहिला. सामना बरोबरीत होता, आणि आघाडी मिळाली की त्याला आणायचे, असा बेत होता. ती आघाडी आलीच नाही. अकराव्या डावात दुसऱ्याच गोलंदाजाला होमरन बसला आणि संघ स्पर्धेबाहेर गेला.

क्रिकेटमध्ये अशी चैन परवडत नाही. ट्वेन्टी-20 मध्ये कोणालाही चारच षटके, त्यामुळे एकट्याच्या जोरावर शेवट निभावत नाही. शहाणा कर्णधार हुकमाचा पत्ता विसाव्या षटकासाठी राखूनही ठेवत नाही. 29 जून 2024 रोजी बार्बाडोसला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताविरुद्ध दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 धावा हव्या होत्या. जसप्रीत बुमराने सोळावे आणि अठरावे षटक टाकले, दोन्हींत मिळून सहा धावा दिल्या आणि त्याचा कोटा तिथेच संपला. विसावे षटक हार्दिक पंड्याने टाकले, 16 धावांचे पाठबळ घेऊन.

मग शेवटची षटके टाकणाऱ्या गोलंदाजांवर पैसा ओतावा की नाही? बेंगळुरूसाठी उत्तर ‘ओतावा’ असेच आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटरवरची विरळ हवा, आखूड सीमारेषा, पाटा खेळपट्टी. एप्रिल 2024 मध्ये हैदराबादने इथे 287 केल्या, तर बेंगळुरूने उत्तरात 262. अशा मैदानावर दहा धावा वाचवणारा गोलंदाज मोलाचाच. प्रश्न आहे तो पैसा एकाच माणसावर आणि एकाच हंगामाच्या जोरावर लावण्याचा.

कारण हे कौशल्य लहरी असते. 2021 मध्ये 32 बळी घेणाऱ्या हर्षल पटेलला बेंगळुरूने पुढच्या वर्षी 10.75 कोटींना घेतले, 2023 नंतर सोडले. 2024 मध्ये पंजाबकडून तो पुन्हा सर्वाधिक बळींचा मानकरी ठरला. यश दयालला एप्रिल 2023 मध्ये रिंकू सिंगने शेवटच्या षटकात सलग पाच षटकार मारले. तोच दयाल 5 कोटींना बेंगळुरूत आला. 18 मे 2024 ला चेन्नईला प्लेऑफसाठी शेवटच्या षटकात 17 धावा हव्या होत्या. पहिलाच चेंडू धोनीने स्टेडियमबाहेर भिरकावला. पावसाने ओला झालेला तो चेंडू गेला आणि दयालच्या हाती कोरडा चेंडू आला. पुढच्याच चेंडूवर धोनी झेलबाद, शेवटचे दोन निर्धाव, एकूण सात धावा. यात कसब किती आणि कोरड्या चेंडूचा हात किती, हे कोणता लिलाव ठरवणार?

2025 साठी बेंगळुरूने निराळा डाव मांडला. जोश हेझलवूड 12.5 कोटी, भुवनेश्वर कुमार 10.75 कोटी आणि दयाल 5 कोटी. 120 कोटींच्या गंगाजळीतला चौथा हिस्सा भरायला थोडे कमी, पण तिघांत वाटलेले. त्यातून संघाला पर्याय मिळाले. 24 एप्रिलला राजस्थानला 12 चेंडूंत 18 धावा हव्या असताना हेझलवूडने एकोणिसाव्या षटकात एक धाव देऊन दोन बळी घेतले; विसावे षटक मग दयालने निभावले.

3 जूनला अहमदाबादच्या अंतिम सामन्यात सतराव्या षटकात भुवनेश्वरने दोन बळी टिपले. शेवटच्या षटकात पंजाबला 29 धावा हव्या होत्या. हेझलवूडचे पहिले दोन चेंडू निर्धाव गेले, उरलेल्या चारांवर शशांक सिंगने 22 धावा लुटल्या, तरी बेंगळुरू सहा धावांनी जिंकले. तेवढी मोकळीक आधीच्या षटकांनी कमावून ठेवली होती. सामनावीर ठरला 5.75 कोटींचा फिरकीपटू कृणाल पंड्या: चार षटके, 17 धावा, दोन बळी.