ग्रीस आत जाताना

पहाट आहे. उज्जैनमधल्या फ्रीगंजची. कागदोपत्री हे माधवनगर, माधवराव शिंद्यांच्या नावाचं. शिंद्यांची राजधानी 1810 साली ग्वाल्हेरला गेली. इथली मराठी घरं मात्र राहिली. अशाच एका घराच्या अंगणात आजोबांची अँबॅसडर उभी आहे.

तिच्यापाशी या. घाई नाही.

गोणपाट अंथरा. पुढच्या चाकाशी बसा. फरशीचा गारवा गुडघ्यांना लागू द्या.

श्वास घ्या. धूळ, रॉकेल, जुनं रबर.

सोडा.

आता चाकामागे हात घाला, चाचपा. बोटाला बोराच्या बीएवढा उंचवटा लागतो. मिस्त्री त्याला निप्पल म्हणतात. किंगपिनला, म्हणजे चाक वळतं त्या सांध्याच्या खिळीला, वर एक, खाली एक.

चिंधीने पुसा. पुन्हा पुसा. वर मळ राहिला तर तोच ग्रीसबरोबर आत जातो.

टोकाकडे बघा. मधोमध एक छर्रा आहे, मोहरीएवढा. त्याच्यामागे स्प्रिंग. ग्रीस आलं की छर्रा मागे सरतो. ग्रीस थांबलं की जागेवर येतो, दार लावून घेतो.

बघत राहा.

व्हिएन्नात जन्मलेल्या ऑस्कर झर्क यांना 1929 साली अमेरिकेत अशा निप्पलचं पेटंट मिळालं. एवढ्याशा वस्तूपाशी तो माणूस किती दिवस बसला असेल! आपणही बसू.

मागच्या चाकांना दगड लावा. पुढचं चाक जॅकने उचला, खाली भक्कम घोडी ठेवा. सांध्यावर गाडीचं वजन असलं की दाबल्या बाजूला ग्रीस शिरत नाही. भार उतरला की फट मोकळी होते.

तुमचे खांदे वर चढलेत का? त्यांनाही उतरू द्या.

ग्रीस गन निप्पलवर बसवा. सरळ. एक दाब.

थांबा. ऐका.

दुसरा दाब. काहीच दिसत नाही. असू द्या.

हात पुढे जातच नसेल तर जोर लावू नका. निप्पल काढा, रॉकेलमध्ये बुडवून ठेवा. आत सुकलेलं ग्रीस भिजूनच सुटतं.

तिसरा दाब. सांध्याच्या कडेने काळं, जाड ग्रीस डोकावतं. चिमटीत घ्या. चोळा. खरखर लागते. गेल्या पावसाळ्याचं पाणी, माळव्याची काळी माती, लोखंडाची झीज, सगळं यात आहे.

श्वास घ्या.

आणखी एक दाब. काळ्यामागून तपकिरी येतं. मग मधाच्या रंगाचं, नितळ.

इथे थांबा. या रंगापाशी.

अँबॅसडर 1957 पासून बंगालात उत्तरपाड्याला बनायची. 2014 साली ते काम थांबलं. हा सांधा आज सकाळी नवं ग्रीस घेतो आहे. आताच्या बहुतेक गाड्यांचे सांधे कायमचे बंद करून येतात, तिथे हात पोचत नाही. इथे पोचतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

चाक दोन्ही हातांनी धरा. हळू डावीकडे. हळू उजवीकडे. मघाशी कुरकुर होती. आता ऐका.

गल्लीतल्या देवळातली घंटा तेवढी ऐकू येते.

वरचं ग्रीस पुसा, घोडी काढा, जॅक सावकाश उतरवा. सांध्यावर वजन परत येताना बघा.

पलीकडचं चाक अजून बाकी आहे.